नव्या कुत्रीचे नाव ठेवताना काय पाहावे: अर्थ की नाद?

माळरान

आमच्या घरी चार दिवसांपूर्वी दोन महिन्यांची एक कुत्री आली आहे. अंग काळेभोर आहे, कपाळाच्या बरोबर मधोमध एक पांढरा ठिपका आहे आणि उजवा कान उभा झालेला असला तरी डावा अजून पडलेलाच आहे. घरात मोती नावाचा नऊ वर्षांचा कुत्रा आधीपासून आहे, त्यामुळे कुत्र्याची सवय आम्हाला आहे. पण मोती आमच्याकडे आला तो आपले नाव घेऊनच आला, म्हणून नाव ठेवण्याची वेळ आमच्यावर पहिल्यांदाच आली आहे.

चार दिवस झाले तरी घरात एकमत होत नाही. सासऱ्यांना ‘हिरा’ हवे आहे, कारण मोतीच्या जोडीला हिराच शोभेल असे ते म्हणतात. लेकीने ‘मस्ती’ हे नाव धरून ठेवले आहे, कारण पिल्लू क्षणभरही स्वस्थ बसत नाही. मला कपाळावरच्या ठिपक्यावरून ‘चांदणी’ सुचले. नवऱ्याचे म्हणणे इतकेच आहे की काहीही ठेवा पण लवकर ठेवा, कारण सध्या प्रत्येक जण तिला आपापल्या नावाने हाक मारतो आणि ती कोणाकडेच पाहत नाही.

हे नाव पुढची बारा-पंधरा वर्षे रोज कितीतरी वेळा आमच्या तोंडी येणार आहे, म्हणून ते घाईने ठेवू नये असे मला मनापासून वाटते. नाव निवडताना अर्थ पाहावा, उच्चार पाहावा, की आणखी काही? आणि पिल्लाच्या बाजूने पाहिले तर खरोखर कशाने फरक पडतो?

सायंतारा

अभिनंदन! काळ्या अंगावर एकच पांढरा ठिपका असेल तर ‘चांदणी’च ठेवा, दुसरा विचारही करू नका.

शीळ

कुत्र्यांना शिकवणे हेच माझे काम असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

कुत्र्यासाठी नाव हा आधी एक आवाज असतो. त्या आवाजानंतर काहीतरी आपल्याशी संबंधित घडते, हे त्याला कळले की तो आवाज त्याचा होतो. म्हणून पहिली कसोटी अशी की तो आवाज घरातल्या बाकीच्या आवाजांतून स्वच्छ वेगळा निघाला पाहिजे. या कसोटीवर तुमच्या लेकीचे ‘मस्ती’ दोन ठिकाणी अडते. एक तर ‘मोती’ आणि ‘मस्ती’ या दोन्ही शब्दांची सुरुवात ‘म’ने होते आणि शेवट ‘ती’ने होतो. दुरून हाक मारली की मधला भाग हवेत विरतो आणि कानावर पोहोचतो तो शेवटचा लांबवलेला स्वर. तुम्ही एकाला बोलवाल आणि दोघेही येतील. किंवा त्याहून वाईट म्हणजे काही दिवसांनी दोघेही हाकेकडे लक्ष देणे सोडतील. दुसरी अडचण अशी की ज्या घरात लहान मूल असते तिथे ‘मस्ती करू नकोस’ हे वाक्य दिवसातून किती वेळा उच्चारले जाते, ते एकदा मोजून पाहा. तेवढ्या वेळा पिल्लाच्या कानावर आपले नाव विनाकारण आणि तेही चढ्या आवाजात पडेल.

दुसरी कसोटी आज्ञांची. आपण कुत्र्याला ‘बस’, ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’, ‘चल’, ‘नको’ असे शब्द शिकवतो. नावाची सुरुवात यांपैकी कशाशीही जुळू नये. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका कुत्रीचे नाव ‘बसंती’ होते. मालकांनी हाक मारायला तोंड उघडले की ती धावता धावता जागच्या जागी बसायची, आणि पुढचे ‘अंती’ ऐकून पुन्हा उठायची. तिचे काहीच चुकत नव्हते, ती अतिशय मन लावून ऐकत होती.

‘चांदणी’बद्दल शंका एवढीच की तिसऱ्याच दिवशी त्याचे ‘चांदू’ किंवा ‘चंदू’ होईल. ते चालणार असेल तर नाव चांगले आहे. ‘हिरा’ मोतीपासून पुरेसे वेगळे आहे, पण ‘ह’ हा नुसत्या श्वासाचा वर्ण असल्यामुळे सुरुवात मऊ होते. क, ट, प, च यांच्यासारखा ठसठशीत वर्ण सुरुवातीला किंवा मध्ये असला की हाक उठून ऐकू येते, असा माझा अनुभव आहे.

अनुस्वार

शीळ यांच्या प्रतिसादात एक भर घालतो, आणि ती निव्वळ मराठीपुरती आहे.

आपल्या भाषेत हाक मारताना नाव जसेच्या तसे राहत नाही. संबोधनात ते बदलते. ‘मोती’चा ‘मोत्या’ होतो, ‘काळू’चा ‘काळ्या’ होतो, आणि ‘वाघ्या’ हे नाव तर मुळातच हाकेच्या रूपात जन्माला आलेले आहे. ईकारान्त स्त्रीलिंगी नावांचा शेवट हाकेत पुष्कळदा एकारान्त होतो: चिमणीची ‘चिमणे’, सखीची ‘सखे’. कागदावर लिहिलेले नाव पाहून निर्णय घेणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही की कुत्र्याच्या कानावर बहुतेक वेळा भलतेच रूप पडणार आहे. घरातला एक जण ‘मोती’ म्हणतो, दुसरा ‘मोत्या’ म्हणतो, तिसरा ‘मोतूराम’ म्हणतो, आणि मोठा झालेला कुत्रा ही सगळी रूपे पचवतो. परंतु दोन महिन्यांच्या पिल्लाला सुरुवातीला एकच रूप मिळालेले बरे.

म्हणून माझी सूचना अशी की नाव ठरवण्याआधी ते तीन प्रकारांनी मोठ्याने म्हणून पाहावे: लाडात, लांबून आणि घाबरून. पिल्लू उघड्या दाराकडे धावत असताना तुमच्या तोंडून जे रूप बाहेर पडेल, तेच त्याचे खरे नाव आहे असे समजावे.

सायंतारा

अनुस्वार, मी आत्ता खोलीत उभी राहून तीन प्रकारांनी ‘चांदणी’ म्हणून पाहिले. घाबरलेल्या आवाजात ते ‘चांदेऽऽ’ असे झाले. माझे मत थोडे डळमळले आहे.

पायवाट

वरच्या दोन्ही प्रतिसादांचा आदर राखून मी विरुद्ध बाजू मांडते. उच्चाराला आपण अवाजवी महत्त्व देत आहोत. चेसर नावाच्या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्रीला जॉन पिली या मानसशास्त्रज्ञांनी सुमारे तीन वर्षांत १,०२२ खेळण्यांची नावे शिकवली होती, आणि त्याविषयीचा त्यांचा शोधनिबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी २००४ मध्ये रिको या जर्मनीतल्या कुत्र्याला दोनशेहून अधिक वस्तूंची नावे ओळखता येतात असे दाखवून दिले गेले होते. जो प्राणी एवढ्या शब्दांमध्ये फरक करू शकतो, तो ‘मोती’ आणि ‘मस्ती’ यांच्यात गोंधळेल असे मला वाटत नाही.

माझ्या स्वतःच्या कुत्र्याचे नाव ‘अनिरुद्ध’ आहे. चार अक्षरे, त्यांत एक जोडाक्षर, आणि सुरुवातीला एकही ठसठशीत वर्ण नाही. तो पहिल्या हाकेला येतो, कारण त्याचे नाव घेतल्यावर आमच्या घरात नेहमी काहीतरी चांगलेच घडते. नाव घेऊन त्याला आम्ही कधीही रागावलेलो नाही. नाव कोणतेही ठेवा, ते वापरता कसे यावर सगळे अवलंबून आहे. लेकीला ‘मस्ती’ आवडले असेल तर तिचे मन मोडू नये. ज्या मुलीने नाव ठेवले ती मुलगी त्या पिल्लाची जबाबदारीही आनंदाने घेईल, आणि तो फायदा ठसठशीत वर्णांपेक्षा मोठा आहे.

शीळ

पायवाट, ‘नाव घेऊन कधीही रागावू नये’ हा तुमचा मुद्दा या धाग्यातला आतापर्यंतचा सगळ्यात मोलाचा मुद्दा आहे, आणि तो मी आधीच लिहायला हवा होता. ज्या कुत्र्याचे नाव केवळ ओरडण्यासाठी वापरले जाते, तो नाव ऐकताच कान मागे पाडून पलंगाखाली जातो. अशा वेळी दोष नावाचा नसतो आणि कुत्र्याचाही नसतो.

चेसरबद्दल मात्र एवढेच म्हणेन की तिला रोज कित्येक तास शिकवले जात होते आणि तिचे शिकवणारे हेच काम करत होते. शिवाय प्रश्न ओळखता येण्याचा नाही, कोणत्या परिस्थितीत ओळखता येते याचा आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार उपयोगी वाटतो. त्यात कुत्र्यांना एका अनोळखी स्त्रीच्या आवाजात कधी त्यांचे स्वतःचे नाव आणि कधी तशाच वजनाचे दुसरे नाव ऐकवले, आणि मागे अनेक जणींच्या बोलण्याचा गोंगाट ठेवला. गोंगाट नावाइतकाच मोठा असेपर्यंत कुत्र्यांना आपले नाव ओळखता आले. गोंगाट नावापेक्षा मोठा झाल्यावर ते जमले नाही. म्हणजे शांत दिवाणखान्यात ‘मोती’ आणि ‘मस्ती’ वेगळे ऐकू येतील हे मला मान्य आहे. मी बोलतो आहे ते गर्दीच्या रस्त्याबद्दल, जिथे हाक निम्मीच पोहोचते.

कवडसा

अर्थाच्या बाजूने कोणीच बोललेले नाही, म्हणून मी बोलतो. कुत्र्याला अर्थ कळत नाही हे खरे, पण माणसांना कळतो, आणि कुत्र्याला आयुष्य काढायचे असते ते माणसांतच.

आमच्या काळ्या कुत्र्याचे नाव माझ्या भावाने ‘यम’ ठेवले होते. कुत्रा स्वभावाने इतका गरीब की मांजराला वाट करून द्यायचा. पण पशुवैद्यांच्या दवाखान्यात त्याचे नाव पुकारले की बाकावरची माणसे आपापली जनावरे उचलून लांब सरकायची. घरी येणारी मुले त्याला हात लावायला घाबरायची, आणि ती घाबरतात म्हणून तोही बिचकायला लागला. दीड वर्षाने आम्ही त्याचे नाव बदलून ‘पिंटू’ केले. कुत्रा तोच होता, पण शेजारच्या आजी पहिल्यांदा आपणहून त्याच्याजवळ येऊन बसल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि तो डोळे मिटून त्यांच्या पायाशी आडवा झाला. तो प्रसंग मी विसरू शकत नाही.

म्हणून भीतीदायक किंवा कोणाचा अपमान करणारी नावे टाळावीत, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कोणाचे नाव तर मुळीच ठेवू नये. शीळ यांनी ‘चंदू’ म्हटले, त्यावरून विचारतो: माळरान, तुमच्या नात्यात कोणी चंदूकाका नाहीत ना?

माळरान

कवडसा, चंदूकाका आहेत, आणि ते दर आठवड्याला येतात! ‘चांदणी’ मी याच क्षणी मागे घेते.

सगळ्यांचे मनापासून आभार. एक विचारायचे राहिले. कवडसा यांनी मोठ्या कुत्र्याचे नाव बदलले असे लिहिले आहे. ते त्याला जड गेले नाही का? आम्ही चार दिवस चार नावे वापरली आहेत, त्याने काही बिघडले असेल का, अशी मला काळजी वाटते.

रानजाई

काही बिघडलेले नाही, निश्चिंत राहा. मी रस्त्यावरच्या आणि लोकांनी सोडून दिलेल्या कुत्र्यांना काही काळ घरी सांभाळते आणि मग त्यांना कायमचे घर मिळवून देते, त्यामुळे नाव बदलण्याचा प्रसंग माझ्याकडे सतत येतो. सहा-सात वर्षांचे कुत्रेही नवे नाव शिकतात. काहींच्या बाबतीत तर ते बदलणे हाच दयाळूपणा असतो, कारण जुन्या नावाला मार चिकटलेला असतो.

पद्धत सोपी आहे, पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी नवे नाव घ्यायचे, लगेच त्याच्यामागे जुने नाव घ्यायचे, आणि कुत्र्याने पाहिले की खाऊ द्यायचा. पुष्कळ लोक जुने नाव आधी घेतात. तसे केल्यास कुत्रा जुन्या नावालाच मान वळवतो आणि नव्या नावाकडे लक्ष देण्याचे त्याला कारण उरत नाही. नवे नाव आधी आले की ते जुन्याची सूचना बनते, आणि काही दिवसांनी जुने नाव गाळले तरी चालते.

मागच्या वर्षी माझ्याकडे एक तपकिरी कुत्री होती. तिचे जुने नाव उच्चारले की ती भिंतीला चिकटून लघवी करायची. तिच्या बाबतीत मी जुने नाव एकदाही वापरले नाही. पहिले दोन दिवस ती खोलीच्या कोपऱ्यात असताना मी जमिनीवर पाठमोरी बसून हळू आवाजात फक्त ‘कुकी’ म्हणायचे आणि खाऊ मागे सरकवायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ‘कुकी’ म्हटल्यावर माझ्या कोपराला ओलसर नाक लागले. मी वळून पाहिले नाही, कारण मी वळले असते तर ती परत गेली असती.

तुमच्या पिल्लाने अजून कोणतेच नाव आपले मानलेले नाही, त्यामुळे तुम्हाला यातले काहीच करावे लागणार नाही. एक नाव ठरवा आणि बाकीची त्याच दिवशी सोडा.

आजोळ

हा प्रश्न फार जुना आहे, हे वाचून गंमत वाटेल. ग्रीक लेखक झेनोफोन याने शिकारीवर लिहिताना कुत्र्यांची नावे आखूड असावीत म्हणजे हाक मारणे सोपे जाते असे सांगितले आणि पुढे ४७ नावांची यादीच दिली. त्यात राखणदार, भाला, किरण, आनंद अशा अर्थांची नावे आहेत. त्यानंतर काही शतकांनी शेतीवर लिहिणारा रोमन लेखक कोलुमेला म्हणतो की नाव फार लांब नसावे, म्हणजे कुत्रा लवकर हाकेला येतो, पण ते दोन अक्षरांपेक्षा आखूडही नसावे. शीळ यांचे म्हणणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मान्य झालेले आहे.

आपल्याकडे सरमा आहे. ऋग्वेदातली ही देवांची कुत्री पणी नावाच्या असुरांनी लपवलेल्या गाई शोधायला निघते आणि पणींशी न घाबरता वाद घालते. संस्कृतात कुत्र्याला ‘सारमेय’ म्हणतात ते तिच्याच नावावरून. काळ्याभोर, धीट कुत्रीला ‘सरमा’पेक्षा थोर नाव मला तरी माहीत नाही.

सायंतारा

आजोळ, नाव थोर आहेच, पण दारातून ‘सरमा’ अशी हाक मारली तर रस्त्याने जाणारे एखादे शर्मा थांबून ‘काय काम आहे’ असे विचारतील.

आजोळ

आणि तेही पहिल्या हाकेला! तुमचे म्हणणे रास्त आहे.

कवडसा

थोर नावांवरून लायका आठवली. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी अंतराळात गेलेल्या त्या कुत्रीला आधी कुद्रयाव्का, म्हणजे कुरळ्या केसांची, असे म्हणत. लायका म्हणजे भुंकणारी. दोन्ही नावे तिच्याकडे पाहूनच, तिचे ऐकूनच ठेवलेली होती. जपानमधल्या हाचिकोच्या नावात ‘हाचि’ म्हणजे नुसता आठ हा आकडा आहे आणि ‘को’ हा मागे लावलेला प्रत्यय. धनी वारल्यावरही जवळजवळ दहा वर्षे स्थानकावर वाट पाहणाऱ्या कुत्र्याचे नाव एवढे साधे असावे, आणि आज ते उच्चारताच लोकांचे डोळे भरून यावेत! माझे अर्थाबद्दलचे मत मी थोडे सुधारतो. अर्थ नावात आधीपासून असलाच पाहिजे असे नाही. कुत्रा तो नंतर भरतो.

शीळ

नाव घेण्याच्या ढबीबद्दल थोडे लिहितो, कारण ते राहून गेले. पॅट्रिशिया मॅकॉनेल या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनी वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या, कुत्र्यांना आणि घोड्यांना शिकवणाऱ्या लोकांच्या हाका ध्वनिमुद्रित करून तपासल्या. जनावराला हलवायचे असेल तेव्हा बहुतेक जण तोकडे, तुटक, पुन्हा पुन्हा येणारे आवाज काढतात, आणि शांत करायचे असेल तेव्हा एकच लांबट आवाज काढतात, असे त्यांना आढळले. भाषा बदलली तरी हे बदलत नाही. म्हणून दोन-तीन तुटक अक्षरांचे नाव बोलावण्याच्या कामी येते, आणि तेच नाव लाडात लांबवले की निजवण्याच्याही कामी येते.

शिकवताना नाव एकदाच घ्या. ‘नाव’ म्हणजे ‘माझ्याकडे बघ’, आणि ‘ये’ म्हणजे ‘ये’. हे दोन शब्द वेगळे ठेवा. पिल्लाने मान वळवली की त्याच क्षणी खाऊ द्या. ते पाहत नसेल तर नाव दहादा घोकण्यापेक्षा दोन पावले जवळ जाऊन पुन्हा एकदा घ्या.

माळरान

सहा दिवसांनी लिहिते आहे, उशीर झाल्याबद्दल क्षमस्व.

सर्वांचे प्रतिसाद मी रात्री जेवणानंतर घरी वाचून दाखवले. ‘बसंती’चा किस्सा ऐकून लेक खूप हसली, आणि मग तिने स्वतःच दिवसभर मोजले. संध्याकाळपर्यंत घरात ‘मस्ती’ हा शब्द सतरा वेळा उच्चारला गेला होता. दुसऱ्या दिवशी तिनेच सांगितले की हे नाव नको. तिचे मन मोडले नाही, पायवाट, कारण मोजणी तिची होती आणि निर्णयही तिचाच होता.

मग उरले ‘हिरा’. सासऱ्यांचा आवाज आता खोल गेला आहे. ते आपल्या खुर्चीतून ‘हिरा’ म्हणाले की पलीकडच्या खोलीत आम्हालाच ते ऐकू येत नव्हते. हे त्यांच्या लक्षात आले तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण थोड्या वेळाने पिल्लाला मांडीवर घेऊन तिच्या कपाळावरच्या ठिपक्यावर बोट टेकवून म्हणाले, “हिला टिकली म्हणा. तोंडभरून म्हणता येते.”

आम्ही ते तिन्ही प्रकारांनी म्हणून पाहिले. लाडात ‘टिकली’, लांबून ‘टिकलीऽऽ’, आणि घाबरून ‘टिकले!’. सुरुवातीचा ‘ट’ आणि मधला ‘क’ सासऱ्यांच्या आवाजातही ठणठणीत वाजतात. शेवट मोतीसारखाच ईकारान्त असल्याने एक शंका होती, म्हणून आज सकाळी शीळ यांची कसोटी लावली. मोती दाराशी पसरला होता आणि ती जिन्याखाली बुटाची नाडी चावत होती. सासऱ्यांनी खुर्चीतूनच, एकदाच हाक मारली. मोतीने कान हलवला पण डोके उचलले नाही. ती नाडी तोंडातून तशीच लोंबत ठेवून थबकली, उभ्या कानाने एकदा आणि पडलेल्या कानाने एकदा ऐकल्यासारखी मान दोन्हीकडे कलती केली, आणि मग मोतीच्या पोटावरून उडी मारून सासऱ्यांच्या पायाशी आली. बूट मात्र अजून सापडलेला नाही.

सायंतारा

टिकलीला माझ्याकडून एक पापा, नेमका त्या ठिपक्यावर.

अनुस्वार

‘टिकले!’ हे रूप फारच छान साधले आहे. लसीकरणाच्या कार्डावर मात्र ‘टिकली’ असेच लिहा.